टीममध्ये मी एकटीच बाई, आणि पाण्याची धास्ती घेतली आहे

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीतल्या आहेत. पूर्ण मॅरेथॉन पळतात, सायकलवर दिवसच्या दिवस काढतात. पाच महिन्यांनी होणाऱ्या एका एक्स्पिडिशन रेससाठी त्यांनी तीन मित्रांबरोबर नाव दिलं आहे. चारशे किलोमीटरच्या वर अंतर, पाच-सहा दिवस जंगल-डोंगरातून पायी, माउंटन बाइकवर, नदीतून कयाकने (अरुंद, वल्हवायच्या छोट्या बोटीने), मध्ये दोरावरचे टप्पे. जीपीएस नाही, वाट नकाशा आणि होकायंत्रावर शोधायची. चौघांत किमान एक स्त्री हवी असा नियम आहे, आणि ती एक म्हणजे या. दोन महिन्यांपूर्वी नदीवरच्या सरावात त्यांची कयाक उलटली, स्प्रे स्कर्ट (पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बोटीच्या तोंडावर ताणून बसवायचं आवरण) लवकर सुटेना, आणि काही क्षण त्या पाण्याखाली उलट्या अडकून होत्या. तेव्हापासून 'खांदा दुखतोय' असं सांगून त्या वल्हवायचा सराव टाळत आहेत. त्यांचे प्रश्न असे: मी टीममधली सगळ्यांत कच्ची आहे, मी निघून जावं का? गेले तर नियमामुळे तिघांचंही वर्ष फुकट जाईल, मग कुणाला न सांगता कयाक शिकून घेऊ का? मुळात मला फक्त नियमापुरतं घेतलंय का? आणि आठवड्याला पंधरा तासांचा व्यायाम पुरेल का?

उत्तर

तुमच्या पत्रात किलोमीटर, हृदयाचे ठोके आणि चढाईचे मीटर यांवर पानंच्या पानं आहेत. कयाक उलटली ते मात्र तुम्ही तीन ओळींत उरकलंत, आणि त्यातली एक ओळ 'तसं फार काही झालं नाही' अशी आहे. पाण्याखाली डोकं खाली, पाय बोटीत अडकलेले, म्हणजे फार काही झालंच की! त्यानंतर धास्ती बसली नसती तर मला तुमची जास्त काळजी वाटली असती.

म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. पंधरा तासांचं सगळ्यांत शेवटी. आधी हे लपवण्याचं बोलू.

तुमचं म्हणणं असं की सांगितलं तर तिघांचं वर्ष वाया जाईल. जरा हिशेब मांडून बघा. आज सांगितलंत तर त्यांच्या हातात पाच महिने आहेत. तुम्हाला पुन्हा पाण्यात रुळवायला, बोटीतल्या जोड्या बदलायला, आणि अगदीच नाही जमलं तर दुसरी कुणी शोधायला एवढा वेळ पुष्कळ आहे. तेच रेसच्या तिसऱ्या दिवशी नदीच्या काठावर कळलं तर त्यांना करण्यासारखं काही उरत नाही. एक जण थांबला की बहुतेक रेसमध्ये सगळी टीम क्रमवारीतून बाहेर जाते. म्हणजे गप्प बसून तुम्ही त्यांचं वर्ष वाचवत नाही, त्यांच्या वाट्याचा वेळ त्यांना न विचारता संपवताय. हे जरा कडक लिहिलंय, कल्पना आहे. पण तुम्ही स्वतःला ज्या कारणाने समजावताय, ते कारणच उलटं आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. पाण्यातलं आणि दोरावरचं कौशल्य आहे असं अशा रेसमध्ये सहसा लिहून द्यावं लागतं, काही ठिकाणी प्रमाणपत्र किंवा चाचणीही मागतात. तो कागद म्हणजे नुसती औपचारिकता नसते. कुठल्या टीमला कुठलं पाणी झेपेल याचा अंदाज आयोजक त्यावरून बांधतात. त्यावर तुम्ही आत्ता सही केलीत तर ती खोटी असेल, आणि त्या खोट्या सहीची किंमत तुमच्याबरोबर बोटीत बसलेला माणूसही मोजेल.

गुपचूप शिकून घेण्याचा मोह मला समजतो. शिक्षकाकडे जाऊन तंत्र शिकता येईलही. पण कयाकमधून पडलेल्या माणसाला बाहेर काढणं हे दोघांचं काम असतं. घाबरल्यावर तुम्ही ओरडता की एकदम मुक्या होता, हे तुमच्या जोडीदाराला माहीत हवं. मुकी होणारी व्यक्ती पाण्यात असेल तर त्याने हाकेची वाट बघत बसायचं नसतं, लगेच वळायचं असतं. ही माहिती गुपचूप शिकून त्याच्यापर्यंत कशी पोचणार?

आता 'सगळ्यांत कच्ची मीच' याकडे येऊ. हे तुम्ही कुठल्या आकड्यावरून ठरवलंत? पळण्याच्या वेगावरून, असं पत्रावरून दिसतं. पाच-सहा दिवसांच्या रेसमध्ये पळणं फारसं नसतंच. भरभर चालणं, ढकलणं, चढणं, वाट चुकून परत येणं, आणि पुन्हा चालणं. त्यात कच्चं कोण हे दर काही तासांनी बदलतं. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना ओढत नेणारा गडी दुसऱ्या रात्री पोटात काही ठरत नाही म्हणून वाटेच्या कडेला वाकलेला असतो. तेव्हा जी व्यक्ती शांतपणे त्याची सॅक उचलून आपल्या सॅकवर बांधते आणि घोट घोट पाणी पाजत त्याला पुढे नेते, तिच्यावर टीम चालते.

मुरलेल्या टीम हे आधीपासून धरूनच चालतात. त्यांच्या सायकली बघा कधी. पुढच्या स्वाराच्या सीटखाली एक बारीक ताणाची दोरी गुंडाळलेली असते, टोकाला हुक किंवा फास. दमलेला माणूस मागून येतो, तो फास आपल्या हँडलच्या दांड्याला अडकवतो आणि चढ संपेपर्यंत ओढला जातो. पायी चालतानाही तशीच दोरी कमरेच्या पट्ट्याला. तिथे कुणी याला उपकार समजत नाही. चौघांनी एकत्रच राहायचं असतं, त्यामुळे टीमचा वेग हा सगळ्यांत हळू माणसाचाच वेग असतो. ताकदवानाची थोडी ताकद हळू माणसाकडे वळवली की चौघंही लवकर पोचतात, एवढं सरळ गणित आहे. तुमच्या टीमने ही दोरी अजून बांधून पाहिली नसेल तर पुढच्या सरावाला बांधा. आणि आळीपाळीने सगळ्यांना ओढून घ्यायला लावा, कॅप्टनलाही. ओढून घेणं ज्याला जमत नाही असा एक तरी गडी निघतोच, आणि तो बहुधा टीममधला सगळ्यांत दणकट असतो.

दमसासाच्या पलीकडे काय कामाला येतं, याचा एक जुना किस्सा आहे. 1982 साली अलास्कात होप ते होमर अशी पहिली अलास्का माउंटन वाइल्डरनेस क्लासिक ही रेस झाली. सामान आपलं आपण वाहायचं, बाहेरून मदत नाही. वाटेत हिमनदीच्या पाण्याची एक थंडगार नदी आडवी आली. तरणी पोरं पोहून जायच्या विचारात होती. पंचावन्न वर्षांच्या डिक ग्रिफिथ यांनी सॅकमधून एक छोटी हवा भरायची बोट काढली आणि ते आरामात पलीकडे गेले. पुढे त्या रेसमध्ये अशी घडीची बोट हे नेहमीचं सामान झालं. मला या किश्शात वयाचं कौतुक नाही. वाटेत पाणी आहे हे त्यांनी आधी कबूल केलं होतं आणि त्याप्रमाणे सॅक भरली होती, ते महत्त्वाचं.

'नियमापुरतं घेतलंय का' याचं उत्तर इथे बसून मला देता येणार नाही, पण ते कसं तपासायचं हे सांगते. स्त्रीशिवाय टीम नाही ही अट या खेळात फार जुनी आहे. 1989 साली न्यूझीलंडमध्ये रेड गोल्वाज ही अशीच रेस पहिल्यांदा झाली, तिच्यातही पाच जणांच्या टीममध्ये किमान एक स्त्री हवीच होती. त्यामुळे तुम्हाला विचारताना त्या तिघांच्या डोक्यात नियम होता, हे उघड आहे. त्यात अपमान काही नाही. कॅप्टनला नकाशा वाचणाराही हवाच असतो, म्हणून तो 'नकाशापुरता' ठरत नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. वाट चुकल्यावर तुम्हाला विचारतात का? तुम्ही 'थांबा' म्हणालात तर सगळे थांबतात, की 'अगं, थोडंच राहिलंय' म्हणत पुढे जातात? तुमच्या अंगाला येणारी बोट आणि वल्हं शोधण्यात कुणी वेळ घातला, की जे होतं ते तुमच्या हातात दिलं? मागच्या दोन-तीन सरावांतले प्रसंग आठवा आणि उत्तरं लिहून काढा. आणि टीममधली तुमची जागा आणखी पक्की करायची असेल तर नकाशा शिका. बहुतेक टीममध्ये वाट शोधणारा एकच असतो आणि तिसऱ्या रात्री त्याच्या डोळ्यांपुढे समोच्चरेषा नाचायला लागतात. तेव्हा ज्याला पावलं मोजून अंतर सांगता येतं आणि 'ही दरी आपल्या डावीकडे असायला हवी होती' असं वेळेवर म्हणता येतं, त्याला पळायचा वेग कोणी विचारत नाही.

आता पाणी. इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण हे वाचणाऱ्या इतरांपैकीही बऱ्याच जणांची अडचण हीच असते आणि तेही खांदा, कंबर, ऑफिस असं काहीतरी पुढे करत असतात.

पहिलं काम अगदी साधं आहे. रेसमध्ये कुठली बोट वापरायची आहे ते आयोजकांना विचारा. बऱ्याच रेसमध्ये दोघांनी बसायच्या हवा भरलेल्या बोटी किंवा वरून उघड्या कयाक असतात. त्यांत स्प्रे स्कर्ट नसतोच. उलटल्या तर माणूस सरळ पाण्यात पडतो, आत अडकत नाही. तुमची धास्ती अडकण्याची आहे, पाण्याची नाही, असं मला तुमच्या तीन ओळींवरून वाटलं. तसं असेल आणि बोट उघडी असेल, तर जे राक्षसाएवढं वाटतंय ते एका ईमेलने निम्मं होईल.

बोट वरून बंद, स्प्रे स्कर्टची असेल तर बाहेर पडण्याचा सराव पहिल्या धड्यापासून करायचा. शांत, उबदार पाणी, छातीएवढी खोली, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला शिक्षक. नदीवर नाही आणि मित्रांबरोबर तर मुळीच नाही. बसल्याबरोबर स्कर्टचा पुढचा फास (जो ओढला की स्कर्ट सुटतो) बाहेर आहे ना हे हाताने चाचपून बघायचं. अडकलेल्या अनेकांचा फास घाईत आतच राहिलेला असतो, तुमचंही तसंच झालं होतं का ते आठवून बघा. उलटल्यावर शरीर मागे झुकायला बघतं; ते टाळून पुढे, बोटीच्या अंगावर वाकायचं. मग बोटीच्या बुडावर दोन्ही हातांनी तीन थापा मारायच्या. या थापांचा बचावाशी संबंध थोडा, घाईशी जास्त. थापा मारण्याएवढा वेळ आपल्याजवळ असतो, हे अंगाला पटतं. मग कडेवरून हात पुढे सरकवत फास शोधायचा, पुढे आणि वर खेचायचा, दोन्ही हात कमरेशी आणून बोट अंगातून खाली ढकलायची. हे आधी काठावर डोळे मिटून करा, मग पाण्यात. एका दिवसात दहा वेळा करून संपवू नका. दोन-तीन वेळा नीट झालं की त्या दिवशी बाहेर या, म्हणजे डोक्यात शेवटची आठवण सुटल्याची राहील. पाण्यात शिरायच्या नुसत्या विचारानेही श्वास अडकत असेल, रात्री ते पुन्हा दिसत असेल, तर समुपदेशकाचीही मदत घ्या. त्यात कमीपणा नाही आणि वेळही वाचतो.

त्यानंतर वाहतं पाणी. पडलात तर पाठीवर, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे. गुडघ्याएवढ्या पाण्यात येईपर्यंत उभं राहायला जायचं नाही, कारण दगडात पाय अडकला तर प्रवाह माणसाला पुढे आडवं करतो आणि मग तो पाय सुटत नाही. पाण्यात पडलेल्या झाडापासून लांब. पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस राहतो. हे वाचून येत नाही, वाहत्या पाण्यातल्या बचावाचा दोन-तीन दिवसांचा वर्ग असतो तो चौघांनी मिळून करा. तुमच्यासाठी म्हणून नाही, चौघांसाठी. गार पाण्याबद्दल कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी लक्षात राहील असं एक सूत्र सांगितलंय: 1-10-1. पहिलं एक मिनिट धापा टाकणारा श्वास ताब्यात आणायचं, त्यावेळी दुसरं काही करायला जायचं नाही. मग हातपाय नीट चालतील अशी साधारण दहा मिनिटं, स्वतःची सुटका त्यातच करायची. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, तोही लाइफ जॅकेट अंगावर असेल तर. उलटल्यावर तुम्हाला जे झालं तो भित्रेपणा होता असं तुम्ही सुचवलंय. त्यातला बराचसा भाग गार पाण्यात पडलेल्या कुठल्याही शरीराचं पहिलं मिनिट होतं.

मग तिघांना सांगायचं कसं? सरावाच्या शेवटी, सगळे घरी जायच्या घाईत असताना नको. मुद्दाम बोलवा. माफीपासून सुरुवात करू नका, नाहीतर ते तुमची समजूत काढत बसतील आणि मूळ मुद्दा राहील. असं काहीसं म्हणा: 'माझा खांदा ठीक आहे. उलटले तेव्हापासून मला बंद बोटीत बसायची धास्ती वाटते, म्हणून मी येत नव्हते. मी अमुक तारखेपासून शिक्षकाकडे जातेय. रेसच्या दहा आठवडे आधी आपण चौघं नदीवर जाऊ. त्या दिवशी मी स्वतः दोनदा नीट बाहेर पडले आणि तुमच्यापैकी एकाला बोटीत परत घेऊ शकले, तर मी आहे. नाही जमलं तर मी नाव मागे घेईन, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या एकीशी बोलून ठेवा.' तारीख आणि कसोटी आधी ठरलेली असली की पुढे भिडेपोटी कुणी 'जमेल गं' म्हणत नाही, आणि तुम्हीही स्वतःला म्हणत नाही.

ते चिडतील का? कदाचित, खांद्याच्या थापेवर. ते चिडणं ऐकून घ्या. पण त्यानंतरची दहा मिनिटं नीट बघा. कुणी आपली अडचण पुढे काढतो का? माझा अनुभव असा की एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याचा गुडघा, तिसऱ्याची उंचीवरची भीती, कॅप्टनचं घरचं काहीतरी, असं सगळं बाहेर यायला लागतं. तसं झालं तर टीम चांगली आहे. उलट 'हे आधी सांगायचं होतंस' यावरच गाडी अडून राहिली आणि कसोटीच्या तारखेबद्दल कुणी बोललंच नाही, तर अशा माणसांबरोबर पाच रात्री जागायच्या का याचा विचार तुम्ही करा. ते तिघं सर्वस्वी चांगले मित्र असूनही उत्तर 'नको' येऊ शकतं.

हे सगळं मी एवढं ताणून सांगतेय, कारण या रेसमध्ये वेळेवर तोंड उघडणं हे खरोखर कौशल्य म्हणून लागतं. सगळ्यांत जास्त पायांसाठी. टीम नदीतून बाहेर येते, बूट ओले, सगळे निघायच्या घाईत. टाचेखाली काहीतरी चुरचुरतंय. थांबलं तर पाच मिनिटं जातील. माणूस गप्प बसतो. सहा तासांनी मोजे काढतो तेव्हा तळव्याची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, आणि टाचेवर फोड फुटून मोजा चिकटलेला. आता पाच मिनिटांत भागत नाही, आणि बऱ्याच टीम अशाच पायांपायी घरी जातात. म्हणून पायांचा नियम आत्तापासून लावा: चुरचुरलं की बोलायचं, आणि बोललं की सगळ्यांनी थांबायचं. बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, कारण दिवसागणिक पाय सुजतात. पाण्याच्या टप्प्याआधी तळव्यांना वंगणासारखं जाड मलम. बूट बदलायच्या जागी पहिलं काम पाय कोरडे करण्याचं, खाणं त्यानंतर किंवा त्याबरोबर. आणि झोपताना, कितीही थोडा वेळ का असेना, पाय मोज्यांतून मोकळे.

झोपेचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढिसाळ होतं, आणि 24 तासांनी ते साधारण 0.10 टक्क्यांच्या पातळीवर जातं. तुमच्या रेसमध्ये 24 तास म्हणजे सुरुवात. सायकलवर उतार असताना डुलकी लागणं यासारखं वाईट दुसरं काही नाही. तेव्हा 'मला झोप हवी' हे कुणीही म्हणू शकेल आणि त्यावर मतदान होणार नाही, असं आधीच ठरवा. झाडांत माणसं दिसायला लागली तर घाबरू नका, ते होतं; पण दिसतंय हे सांगा.

तुमच्या पंधरा तासांना आता येते. पुरेत. चाकरमान्या माणसाला याहून जास्त टिकतही नाहीत आणि गरजही नाही. फक्त त्यांची मांडणी बदला. रोज थोडं थोडं पळण्यातले काही तास काढून महिन्यातून एकदा चौघांनी मिळून शुक्रवार रात्र ते रविवार सकाळ असा लांब पल्ला करा: सॅकसकट चढ, मग सायकल, मग पाणी, रात्रीची वाट, आणि थोडीशी झोप. एक खेळ संपवून दुसऱ्यावर जाताना काय हरवतं, कशाला अर्धा तास लागतो, हेडलॅम्पची बॅटरी कुणाकडे आहे, हे त्यातच कळतं. वल्हवायला आठवड्यातून दोनदा, कारण तुमचे पाय तयार आहेत आणि पाठ-खांदे नाहीत. शेवटचे दोन आठवडे हात आखडता घ्या, तेव्हा कमावण्यासारखं काही नसतं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. भूक मरते, म्हणून खाणं घड्याळावर. गोड आणि खारट दोन्ही ठेवा, तिसऱ्या दिवशी गोडाचा वास नको होतो. पाणी मात्र घड्याळावर ढोसायचं नाही, तहानेप्रमाणे प्यायचं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम असायला हवं त्यापेक्षा कमी निघालं, आणि त्यामागे जास्त पाणी पिणं हे मोठं कारण होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं, ही लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका. उलट एकटी बाई म्हणून आडोशाला जायची पंचाईत नको, यासाठी पाणीच कमी प्यायचं हा उद्योगही नको. थांबायची खूण ठरवून टाका, आणि पाळी त्या आठवड्यात येणार असेल तर तेही तिघांना सांगून ठेवा. त्यासाठी लागणारं सामान तुमच्या ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) तर हवंच, शिवाय एक जोड दुसऱ्या कुणाच्या सॅकमध्येही असू द्या.

आणि रेसच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा, वाटेतल्या नद्या आणि हवामान सांगून. 2000 साली मलेशियातल्या साबा इथे इको-चॅलेंज ही अशीच रेस झाली, तिच्यात 304 स्पर्धक होते. नंतर संपर्क होऊ शकलेल्या 189 जणांपैकी 80 जणांना लेप्टोस्पायरोसिसची (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) लक्षणं होती, आणि सेगामा नदीत पोहण्याशी त्याचा संबंध निघाला. कुणी दगावलं नाही, पण बरेच जण रुग्णालयात दाखल झाले. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर 'मी नदीच्या पाण्यात होते' हे पहिल्या वाक्यात सांगा.

कसोटीच्या दिवशी नाही जमलं, तर वाटा बंद होत नाहीत. काही रेसमध्ये बाहेरून मदत करणाऱ्या माणसांना परवानगी असते. सामान हलवणं, बोटी लावणं, पाय बघणं. टीमला आतून ओळखणारं माणूस तिथे सोन्यासारखं असतं. किंवा तुम्ही यंदा एका दिवसाची रेस करा, जिथे पाणी शांत आहे. पूर्ण निघून जाण्यालाही माझी ना नाही, फक्त तो निर्णय कच्चेपणाच्या समजुतीवर नको, नदीवर जे दिसेल त्यावर हवा.

जे कॅप्टन हे वाचत असतील त्यांच्यासाठी एक. 'सगळं ठीक ना?' असं विचारलंत तर 'हो' हेच ऐकू येईल. 'या रेसमधला कुठला टप्पा तुला नको वाटतो?' असं विचारा, आणि आधी स्वतःचं सांगा.

बोटीबद्दलचा ईमेल आज पाठवा, उत्तर यायला वेळ लागतो. कौशल्याच्या कागदावरची सही तेवढी तिघांशी बोलणं होईपर्यंत थांबवून ठेवा.